जांभळ्या मखमलीचा पडदा

१

पडद्यांच्या धंद्यात माझा जन्म गेला. कुणाच्या घरी गेलो की लोक आधी माणसांकडे बघतात, मी खिडकीकडे बघतो. एकदा ओळखीच्या घरी सांत्वनाला गेलो होतो. तिथे मी पडद्याचं अस्तर बोटांत धरून इतका गुंग झालो की बायकोनं चिमटा काढला तेव्हा कुठे मला तोंड पाडायचं सुचलं. सहा महिन्यांनी त्याच घरातून नव्या पडद्यांची ऑर्डर आली ही गोष्ट वेगळी.

शाळा माझी लवकर सुटली. जे शिकलो ते कापडाकडून. आणि कापड खोटं बोलत नाही, बोलणारा दुकानदार असतो. रिकाम्या पडद्याच्या चुण्या दांडीपासून जमिनीपर्यंत एका ओळीत उतरतात. वारा आला तर खालून फुगतात आणि सोडून देतात. पण मागे माणूस उभा असला तर त्या खांद्यापाशी अडतात, तिथे जरा उघडतात आणि मग खाली मिटतात. माणूस कितीही अंग चोरून उभा राहू दे. गिऱ्हाइकांची पोरं दुकानात लपाछपी खेळतात, तेव्हा मी मापं घेता घेता मान वर न करता सांगतो, "हिरव्या पडद्यामागचं पाखरू, बाहेर या." पोरांना वाटतं, आजोबांना जादू येते.

दुकानाच्या मागे आमचं घर. त्यातली खालची खोली गेल्या वर्षापासून ताईची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची. तिची नजर गेली. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, आणि भर उजेड तर डोळ्यांत सलतो. आधी ती एकटीच राहायची. न्हाणीघरात पडली, रात्रभर तशीच पडून होती, त्यानंतर तिनं चालणंच टाकलं. पुढचं पाऊल टाकायचं म्हटलं की हातपाय गळायचे तिचे. माझ्याकडे आल्यावर मी रोज सांगत गेलो, "समोर काही नाही, टाक पाऊल. डावीकडे कपाट आहे. आता उंबरा." महिन्याभरानं ती खोलीभर फिरायला लागली. सूनबाईला म्हणाली, "माझे डोळे गेले ते गेले, छोटूचे आहेत ना. तो सांगेल ते खरं."

छोटू म्हणजे मी. साठी उलटलेला, पोट सुटलेला. गिऱ्हाइकांसमोरही ती मला छोटूच म्हणते.

२

दुपारी जेवण झाल्यावर दुकान थोडा वेळ बंद असतं. सूनबाई वर जाऊन पडते. मी ताईच्या खोलीत बसतो आणि आम्ही दोघं सिनेमा लावतो. बघायचं मी, ऐकायचं तिनं, आणि पडद्यावर न बोलता जे घडतं ते मी सांगायचं.

एके दिवशी जावयानं आमच्या लहानपणचा एक सिनेमा कुठून तरी मिळवून आणून दिला. त्याचं खरं नाव आम्ही कधी घेतलंच नाही, आम्ही त्याला मिशीवाला म्हणायचो. इतका येडपट सिनेमा दुसरा झाला नसेल. घरभाडं चुकवणारा एक भाडेकरू खोटी मिशी लावून आपलाच पाहुणा बनतो, घरमालक काठी घेऊन त्याच्या मागे धावतो, आणि एक बदक दोघांच्याही मागे. थिएटरचे पडदे आमच्या वडिलांनी शिवलेले, त्यामुळे दारावरचा माणूस आम्हा भावंडांना फुकट आत सोडायचा. किती वेळा पाहिला देव जाणे. बदकाचेसुद्धा संवाद पाठ होते आम्हाला.

त्यातला सगळ्यात लाडका प्रसंग दिवाणखान्यातला. मिशीवाला जांभळ्या पडद्यामागे लपतो. घरमालक काठी आपटून विचारतो, "पडद्यामागे कोण आहे?" आतून उत्तर येतं, "कोणी नाही, नुसता पडदा आहे!" घरमालक म्हणतो, "मग ठीक आहे," आणि पाणी प्यायला बसतो. आमच्या घरी कित्येक वर्षं न्हाणीघराचं दार वाजवलं की आतून हेच उत्तर यायचं. वडीलसुद्धा द्यायचे.

पहिल्या दिवशी आम्ही हसून हसून मेलो. ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अरे, मिशी सूपमध्ये पडली का? पडली?" "पडली, आणि घरमालकाला घास लागला!" दोन म्हातारी माणसं पोटं धरून लोळत होती.

दिवाणखान्याचा प्रसंग आला. मिशीवाला पडद्याच्या डाव्या कडेनं बाहेर पडला, चवड्यांवर चालत जिन्याकडे गेला. घरमालक पाणी पीत राहिला. पडदा त्याच्या मागे, चित्राच्या कोपऱ्यात.

चुण्या खांद्यापाशी अडलेल्या होत्या.

मी मनात म्हटलं, सिनेमाचा कुणी कामगार उभा असेल मागे, दिवा धरून. अशी माणसं सिनेमात असतातच. आम्ही लहान होतो, आम्हाला काय कळणार.

३

दोन दिवसांनी ताई म्हणाली, "मिशीवाला लाव ना परत."

लावला. हसणंही तेवढंच झालं. पण दिवाणखाना आला तसं माझं लक्ष त्या दोघांवरून उडालं. मिशीवाला गेला. पडदा राहिला. परवा चुण्या पडद्याच्या मधोमध अडल्या होत्या. आज कडेला, जिथून तो बाहेर पडला त्या बाजूला.

मी सिनेमा थांबवला, मागे घेतला, पुन्हा लावला. कडेलाच. टीव्हीजवळ जाऊन बघितलं. माझं बोट त्या खांद्यावरून फिरवलं. काच थंड होती, बाकी काही नाही. मग मी स्वतःला समजावलं की परवा मी पलंगावर बसलो होतो, आज खुर्चीत आहे, बघण्याचा कोन बदलला. या वयात आठवणीवर किती भरवसा ठेवायचा? काल चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधलाच होता की मी.

"का थांबवलंस?" ताईनं विचारलं.

"पाणी पितोय."

"पाण्याचा आवाज नाही आला."

"अगं, बाटलीनं पितोय."

ती म्हणाली, "तू सांगशील ते खरं. तो 'नुसता पडदा आहे' म्हणतो ना, त्याच्या मागोमाग अजून एक जण तेच म्हणतो. हळू. अगदी कानात सांगितल्यासारखं. कोण आहे तो?"

"मोठं घर दाखवलंय, आवाज घुमतो," मी म्हणालो.

"लहानपणी नव्हता घुमत."

"लहानपणी आपण दोघं इतके ओरडायचो की थिएटर पडायचं बाकी राहायचं. ऐकू कसं येणार?"

"हे मात्र खरं," म्हणून ती हसली. मीही हसलो. पण तिनं ऐकलेलं मी तिच्याकडून काढून घेतलं आणि मी बघितलेलं तिला दिलं नाही, हे मला तेव्हाच कळत होतं. दिलं असतं तर काय झालं असतं? दिवसभर ती त्या खोलीत एकटी असते. महिनाभर खपून उचललेलं पाऊल तिनं परत मागे घेतलं असतं.

४

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. एखादा पडदा नीट पडत नसला तर मी गिऱ्हाइकाच्या घरी शिडी घेऊन जातो आणि कारण शोधूनच उतरतो. इथेही मी कारण शोधलं. सिनेमातला तो पडदा मखमलीचा होता. जाड मखमल, त्यावर उठावाची मोठी फुलं. असं जड कापड कधी कधी स्वतःच्याच वजनानं मध्येच अडतं, फुगवटा धरतं. म्हणजे दोष कापडाचा. माणूसबिणूस कोणी नाही.

आणि गंमत अशी की ते कापड मला ओळखीचं वाटत होतं. अगदी तसलाच एक ताका आमच्या गोदामात वरच्या फळीवर होता. वडिलांच्या वेळचा माल, कधी आला, कुठून आला, कुणालाच ठाऊक नाही. रंगच असा की गिऱ्हाईक बघून तोंड फिरवायचं. मी म्हटलं, चला, एका दगडात सगळंच होतंय. पडून राहिलेला माल कामाला येईल, ताईच्या खिडकीला दुपारच्या उन्हासाठी जाड पडदा मिळेल, फुलं तिला हातानं चाचपता येतील. आणि हे कापड टांगल्यावर कसं पडतं ते माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध होईल.

आमच्याकडे शिलाईला एक मास्तर आहेत. माझ्याहून म्हातारे आणि माझ्याहून बडबडे. त्यांनी ताका उलगडला आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"भाऊ, हे कापड आधी एकदा शिवलेलं आहे."

"काहीतरीच काय मास्तर."

"ही बघा, चुण्यांच्या टाक्यांची भोकं. पडदा होता हा. कुणीतरी उसवून, धुऊन, परत गुंडाळलाय." त्यांनी कापड नाकाला लावलं. "धुतलाही नसेल."

"वडिलांनी घेतलेला माल आहे, नवाच असणार."

"तुमच्या वडिलांनी मलाही नवाच म्हणून ठेवून घेतला होता," मास्तर म्हणाले. "मी तेव्हा दोन दुकानं फिरून आलेलो."

आम्ही हसलो. पडदा त्यांनी झकास शिवला. जमिनीला टेकेल इतका लांब, माझी तशी सक्तच ताकीद असते, पडदा तोकडा दिसला की मला कसंतरीच होतं. आणि ताईला मध्यभाग शोधत बसायला लागू नये म्हणून तो दोन फाळक्यांचा न करता अख्खा ठेवला. एक दोरी ओढली की सगळा पडदा सरकून तिच्या खुर्चीच्या बाजूला गोळा व्हायचा.

५

"बाबा, हा काय रंग!" सूनबाई दारातच थांबली. "आत्यांना दिसत नाही म्हणून काय वाट्टेल ते लावाल का?"

"कसा आहे गं?" ताईनं विचारलं.

"वांग्याला ताप आल्यासारखा."

"मग माझे डोळे वेळेवर गेले म्हणायचे," ताई म्हणाली. पण तिला पडदा फार आवडला. तिनं खुर्ची त्याच्या जवळ ओढायला लावली आणि एकेका फुलावरून हात फिरवत बसली. "हीच फुलं का रे सिनेमात? इतकी मोठी? बघितली होती मी, पण हात लागला तेव्हा कळली."

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं. पडदा सरळ उतरला होता. दांडीपासून जमिनीपर्यंत चुणीला चुणी लागून, कुठे अडणं नाही, फुगणं नाही. सूनबाईनं खिडकी उघडून बघितली, लावून बघितली. तसाच.

धंदेवाईक म्हणून मला अभिमान वाटला. शिडी मिटताना मात्र लक्षात आलं की आपण जे सिद्ध करायला निघालो होतो त्याच्या उलट झालं. कापडात काहीच दोष नव्हता.

मी शिडी गोदामात नेऊन ठेवली आणि दुकान उघडलं. गिऱ्हाईक होतं, बरं वाटलं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच मिशीवाला लावला. ताई पडद्याजवळच्या खुर्चीत, हात मखमलीवर. मी टीव्हीसमोर. खिडकी बंद, पडदा ओढलेला, खोलीत जांभळट उजेड. वर सूनबाईच्या खोलीतला पंखा फिरत होता, तेवढाच आवाज.

बदक आलं. मिशी सूपमध्ये पडली. मग दिवाणखाना. मिशीवाला लपला, घरमालकानं काठी आपटली, उत्तर आलं, मिशीवाला निसटला. मी पुढे वाकून पडद्याकडे बघितलं.

रिकामा. दांडीपासून जमिनीपर्यंत सरळ.

मी सुटकेचा श्वास सोडला. इतका मोठा की ताईला ऐकू गेला.

"काय झालं?"

"काही नाही. छान चाललंय."

"आज घुमला नाही रे आवाज," ती म्हणाली. "एकदाच ऐकू आलं."

"मी म्हटलं नव्हतं?" मी म्हणालो. आणि म्हणता म्हणताच मनात आलं. आधी दोन्ही वेळा तिथे जे होतं ते आज तिथे नव्हतं. सिनेमा तोच. मग ते गेलं कुठे?

मला मान वळवायची नव्हती. मी वळवली.

खोलीतल्या पडद्याच्या पार पलीकडच्या टोकाला, ताईच्या खुर्चीपासून सगळ्यात लांब, चुण्या खांद्यापाशी अडल्या होत्या.

मी विचार केला असता तर दार उघडलं असतं, सूनबाईला हाक मारली असती. पण जन्मभराची सवय आधी हलली. पडद्यामागे काही आहे का बघायचं तर पडदा उघडायचा. मी उठलो आणि दोरी ओढली.

कड्या सळसळत दांडीवरून धावल्या. उजेड आत आला, ताईनं डोळे मिटले. खिडकी, भिंत, जमीन, सगळं लख्ख. मागे कोणी नव्हतं. सगळा पडदा गोळा होऊन दुसऱ्या टोकाला गेला होता, तिच्या खुर्चीला लागून, जसा मी तिच्या सोयीसाठी बसवला होता तसा.

एवढ्या पन्ह्याचा पडदा गोळा केला की किती जाड होतो हे मला झोपेतही सांगता येईल. हा तेवढाच नव्हता. आणि त्याची एक घडी ताईच्या खांद्यावर टेकली होती. वर, तिच्या कानाजवळ, ती घडी गोल होऊन खाली वाकली होती. शेजारच्याचं बोलणं ऐकायला माणूस वाकतं तशी.

७

"पडदा का उघडलास? डोळे दुखतात," ताई म्हणाली. आणि कुशीत बसल्यासारखी ती त्या मखमलीवर रेलली. "किती मऊ आहे रे हे. आत कापूस भरलाय का?"

ओरडलो असतो तर ती दचकून हातात येईल ते घट्ट धरणार, हे मला माहीत होतं. न्हाणीघरात पडली तेव्हापासून तिला तशी सवय लागली होती. आणि तिच्या हाताशी काय होतं ते मला दिसत होतं.

टीव्हीवर मिशीवाला जिन्यावरून गडगडत होता. बदक त्याच्या मागे.

"सांग की," ताई म्हणाली. "काय चाललंय आता?"

मी दाराकडे सरकत सरकत बोलायला लागलो. गिऱ्हाइकाशी बोलतो तसा, घाई न करता. "आता मिशीवाला दारात उभा आहे. समोर त्याची बहीण बसली आहे."

त्या सिनेमात मिशीवाल्याला बहीण नाही. ताईला अख्खा सिनेमा पाठ आहे.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण मखमलीवर फिरणारा हात थांबला. "अच्छा," ती म्हणाली. "मग? काय म्हणतो तो तिला?"

"काही म्हणत नाही. ती आपली आपणच उठते. खुर्चीचा डावा हात धरून. उजवीकडे तिच्या अंगाला काही लागतं, पण ती तिकडे हात नेत नाही."

"शहाणी आहे. आणि वाटेत काही आहे का तिच्या?"

"समोर काही नाही. सरळ मोकळी जमीन. तो हात पुढे करून उभा आहे."

ताईनं डावा हात खुर्चीवर दाबला आणि उठली. खांद्यावरची घडी तिच्याबरोबर उठली नाही, खालीही पडली नाही. बसलेल्या बाईच्या खांद्याच्या उंचीला, कशावरही न टेकता, तशीच राहिली. ताईनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. मग पडदा हळूच सरळ झाला. बसलेलं माणूस उभं राहतं तसा, खालून वर.

"टाक पाऊल," मी म्हणालो. "टाक. टाक."

तिची बोटं माझ्या हातात आली. मी तिला दारातून ओढलं, दार लावलं, बोळातून दुकानात आणलं आणि मधलंही दार लावून कडी घातली. त्या कडीला काय अर्थ होता मला माहीत नाही. पलीकडून सिनेमाची वाजंत्री बारीक ऐकू येत होती.

"फरशी गार लागली," ताई म्हणाली. तिचा सगळा भार माझ्या हातावर होता. "दुकानात आलो ना? बसव मला कुठेतरी. पाय उभे राहत नाहीत माझे."

दुकानाचं शटर खाली होतं. फटींतून येणाऱ्या उन्हात एवढंच दिसत होतं की चारी बाजूंना माल टांगलेला आहे. हिरवे, करडे, फुलांचे, रेघांचे, सगळे जमिनीला टेकलेले. मी बसायला जागा शोधू लागलो, कापडापासून हातभर तरी लांब. अशी जागा नव्हती. गिऱ्हाइकाची नजर जिथे जाईल तिथे माल दिसला पाहिजे म्हणून मीच एक वीत भिंत मोकळी सोडली नव्हती.

मग मी तिला घेऊन मधोमध उभा राहिलो आणि दारापासून सुरुवात करून एकेका पडद्याच्या चुण्या वरून खाली बघत निघालो.

"छोटू, गप्प का झालास?" तिनं माझा हात हलवला. "खोटं नको सांगूस आता. काय दिसतंय?"

"थांब ताई," मी म्हणालो. "उजवीकडची भिंत बघायची राहिलीय."